मिशीची खूण

आमच्या शेजारच्या मावशींना ऐकू येत नाही, ही त्यांच्या सुनेची तक्रार आणि माझी सोय. त्यांच्याच दारात उभं राहून त्यांच्याविषयी काहीही बोलता येतं. फक्त बेतानं, कारण त्या ओठ वाचतात. एकदा मी सुनेला म्हणाले, "मावशींचा नवा चष्मा अगदी घुबडासारखा दिसतोय." तर आतून आवाज आला, "घुबडाला निदान दिसतं तरी. तुला आरशात काय दिसतं गं?" तेव्हापासून मी तोंडापुढे हात धरून बोलते.

मावशींचे कान गिरणीनं खाल्ले. तरुणपणी त्या मागावर होत्या. सगळे माग एकदम धडधडायला लागले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला नुसती गरम वाफ लागायची. मग बायका हातांनी बोलायला लागल्या. धागा तुटला, तर दोन्ही तर्जन्या एकमेकींना टेकवून हिसक्यानं लांब करायच्या. मुकादम येतोय, तर मिशीला पीळ. डोकं दुखतंय, सासू बोलली, आज डबा आणला नाही, सगळ्याला खूण. "दिवसभर चहाड्या करायचो," मावशी सांगतात, "आणि मुकादमाला वाटायचं, बायका किती गुणाच्या!"

त्यांच्या समोरच्या मागावर एक मैत्रीण होती. मावशी तिचं नाव कधी घेत नाहीत, 'समोरची' म्हणतात. गिरणी बंद पडली, समोरची लेकीकडे दुसऱ्या गावी गेली आणि इकडे मावशींचे उरलेसुरले कानही गेले. मुलगा कामावर. सून मनानं बरी, पण सदा घाईत. ती पाठमोरी बोलते आणि वर म्हणते, "सांगितलं होतं ना?" बोलायला उरली एकटी नात. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. मांडीवर असतानाच ती खुणा शिकली. आजी-नात टेबलाशी बसून हातांनी अशा गप्पा मारायच्या की मी मधे बसलेली म्हणजे भाजीची रिकामी पिशवी. सून खोलीत शिरली की भिंगरी मिशीला पीळ द्यायची. मुकादम आला! मग दोघी गाल फुगवून हसू दाबायच्या.

पुढे भिंगरीनं त्या खुणा शाळेतल्या मैत्रिणींना शिकवल्या आणि तिथेच बिघाड सुरू झाला, असं मावशींचं म्हणणं. बाकाखाली हात लपवून बोलायचं म्हणजे खूण छोटी हवी. धागा तुटायला दोन हात लागेनात, एका बोटाची टिचकी पुरली. आणि या पोरींकडे धागा होता कुठे? फोन बंद पडला, टिचकी. मैत्रिणीशी बिनसलं, टिचकी. मिशीचा पीळ तर गेलाच, वरच्या ओठाला बोट टेकलं की झालं.

"खूण अर्धवट करायची नाही!" मावशी ओरडायच्या.

"आजी, तुला कळतंय ना? मग झालं की!"

"आज बोटावर आलीस, उद्या तेही हलवणार नाहीस."

मी दोघींना हसायचे. पण एका दुपारी भिंगरी शाळेतून रडत आली. डोळे पुसत तिनं आजीला काहीतरी सांगायला घेतलं आणि मधे एक टिचकी मारली. काय तुटलं, कुणाशी तुटलं, ते मावशींनी विचारलं नाही. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि बोटांवर एक चापट दिली. "आधी नीट कर!"

भिंगरीनं दोन्ही हात खिशात घातले आणि आजीपुढे ते पुन्हा बाहेर काढलेच नाहीत. समोर येऊन ओठ हलवायची, तेही "जेवायला चल" एवढ्यापुरते. मावशी हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसायला लागल्या. त्यांच्या घरात बोलणारी ती एकच, आणि तीच बंद. मी त्यांना रिझवायला चार खुणा शिकून गेले, तर म्हणाल्या, "तुझ्या हातांना गप्पा येत नाहीत गं, नुसत्या बोंबा येतात."

अशात निरोप आला. समोरचीला डोळे दाखवायला गावात आणणार होते, ती भेटून जाणार होती. मावशी एकदम ताठ झाल्या. "येऊ दे तिला. खरी खूण कशी असते ते पोरीला दाखवतेच."

समोरची आली. ठेंगणी, गुबगुबीत, हातात काठी. तिचेही कान अर्धे गेलेले. दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसल्या. भिंगरीला हुकमानं दाराशी उभं केलेलं, हात खिशात. मी तर आमंत्रण नसतानाच हजर होते. मावशींचे हात सुरू झाले. समोरचीनं उत्तर दिलं, पण एकाच हातानं. दुसरा पोटाशी घट्ट, जणू काही दाबून धरलंय. मावशी थांबल्या. "परत कर." तिनं परत केलं. मावशींनी 'कळलं नाही' अशी मान हलवली.

उलगडा झाला तो असा. गिरणीनंतर समोरची खोकी बांधायच्या कारखान्यात होती. एका हातानं खोकं दाबायचं, मोकळा राहील त्यानं बोलायचं. तिथल्या बायका कुठून कुठून आलेल्या, त्यांच्या खुणाही हिच्यात मिसळलेल्या. "दोन हात कुणाला मोकळे होते गं?" ती म्हणाली.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. मावशींनी सवयीनं मिशीला पीळ दिला. समोरची दचकून पदर सावरत दाराकडे बघायला लागली. "कोण पुरुष आलाय?"

"काय म्हणतायत या?" सुनेनं मला विचारलं. मी चहात तोंड खुपसलं.

मुकादमाची खूणही समोरची विसरली, हे मावशींना लागलं. त्यांनी भिंगरीला जवळ बोलावलं. "हे बघ. ही खरी खूण." दोन तर्जन्या टेकवल्या, हिसका दिला.

समोरची खो खो हसली. "अगं, ही कुठली खरी? हात बांधलेत का तुझे?" आणि तिनं काठी सोडून खांद्यापासून दोन्ही हात असे उडवले की पाण्याचा पेला घरंगळत गेला. "मागांच्या रांगेपलीकडून दिसायला नको?"

मावशी आपल्याच हातांकडे बघत राहिल्या. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. त्या स्वयंपाकघरात हात पसरला की फळीला लागतो. आणि रस्त्यात सून म्हणायची, "आई, लोक बघतात, हात आवरा." आवरता आवरता हात आखडले, आणि त्यांना पत्ताही नाही.

भिंगरी फिसकन हसली. मावशी हसल्या नाहीत.

समोरची गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "निम्मं कळलंच नाही गं मला. एवढी वर्षं मनात तिच्याशीच बोलत होते." माझ्याकडे एक विनोद तयार होता. तो मी गिळला.

भिंगरी अजून जवळच उभी होती. मावशींनी एक बोट उचललं आणि हवेत टिचकी मारली. वाकडीतिकडी. मग स्वतःकडे आणि तिच्याकडे बोट केलं. पोरीचा एक हात खिशातून निघाला आणि त्यानं काहीतरी केलं, मी कधी न पाहिलेलं. मावशींचा हात तिच्या मनगटाकडे झेपावला, ते मी पाहिलं. मधेच थांबला.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

भिंगरीनं सांगितलं नाही. सावकाश पुन्हा करून दाखवलं. मावशींनी करून बघितलं. अंगठा चुकला. भिंगरीनं तो धरून जागेवर बसवला.

मावशी पुन्हा करत होत्या, पुन्हा चुकत होत्या. डोळे मात्र नातीकडे नव्हते. समोरचीच्या रिकाम्या खुर्चीपुढे अर्धा चहा निवत होता, तिकडे होते.