युनिस मावशीचं पोकळ झाड

युनिस मावशी रागावली की आमच्या वस्तीवरची कुत्री गाडीखाली शिरतात. त्या दिवशी एकाला तेही सुचलं नाही.

मावशी यिडाकी बनवते. हे आमचं, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं, पोकळ खोडाचं लांब वाद्य; फुंकायचं पुरुषांनी, पण निलगिरीचं कुठलं खोड वाळवीने आतून पोखरलंय ते मावशी बोटांनी ठोकून ओळखते. यंत्राने भोक पाडलेल्यांना ती सांडपाण्याचे पाइप म्हणते. माझ्या मोठ्या मामाने, गेलेल्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, मरण्यापूर्वी तिला एक झाड दाखवलं होतं. "माझ्या नातवाच्या वयात येण्याच्या विधीला हेच वाजायला हवं," म्हणाला. वाळवीचं काम अर्धं झालं होतं. मावशी दर पावसाळा संपला की ठोकून यायची आणि साऱ्या वस्तीला ऐकवायची, "अजून थोडं."

ते झाड तिचा जावई क्लेम याच्या घरामागे होतं. घराला वाळवी लागली तशी सरकारी घरखात्याने त्याला विषाच्या पेट्या दिल्या. त्याने एक पेटी त्या झाडाच्या बुंध्यापाशी पुरली.

यंदा मावशीने झाड ठोकलं. पोकळ आवाज पुढे सरकलाच नव्हता. तिने सालीत सुरी खुपसली. आत मेलेल्या वाळव्यांचा भुगा.

आमच्याकडे सासूने जावयाशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. म्हणून क्लेमच्या अंगणात येऊन तिने त्याच्या कुत्र्याला धारेवर धरलं.

"मुडद्या! खाल्ल्या घरचे वासे मोजतोस? माझ्या भावाचं झाड मारलंस?"

लेकी बोले सुने लागे. क्लेम पाठ फिरवून चहा पीत होता. तो मला म्हणाला, "मावशीला सांग, वाळवी घराची तुळई खात होती. तिच्याच लेकीचं छप्पर पडलं असतं."

"पण झाडाला कशाला विष?" मीही चिडले होते.

"सगळं वारूळ एकच गं. वाळवीला स्वतःला लाकूड पचत नाही. पोटातले बारीक जीव पचवतात. कात टाकली की तेही जातात, मग दुसरीच्या ढुंगणाला तोंड लावून परत घ्यायचे. एकीच्या पोटातलं सगळ्यांच्या पोटात. एकीला विष चारलं की सगळं घराणं गेलं."

"त्या कुत्र्याला सांग," मावशी किंचाळली, "त्या किड्यांनाही कळतं, दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते!" आणि मग कुत्र्याला सोडून ती थेट क्लेमच्या समोर जाऊन उभी राहिली.

"विचारायचं होतंस मला! तोंड नव्हतं?"

क्लेमने मान वर केली. त्याने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"ते झाड कुणाचं, हे मला सांगितलं कुणी?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, माझ्या बहिणीने, क्लेमच्या बायकोने, सांगितलं असेल. पण ती बिचारी कधीपासून डार्विनला डायलिसिसवर. वस्तीतल्या प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने सांगितलं असेल. मावशीने ते झाड येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं होतं. फक्त ज्याच्या घरामागे ते उभं होतं, त्यालाच दाखवायची तिला सोय नव्हती.

नातवाच्या विधीला यिडाकी दुसऱ्या वस्तीवरून मागून आणली. वाजली छान. मावशी आणि क्लेम एकमेकांकडे पाठ करून बसले होते, आणि दोघेही रडत होते.