वाचनालयाची भिंत आणि अमेरिकन चित्रं

तुम्ही दोघांनी अमेरिकेहून पाठवलेलं तिथल्या चित्रांचं जाड पुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, टिपणंही काढली. पुढचा मनस्ताप त्यातूनच झाला, म्हणून क्रमाने सांगते.

१९३० नंतरच्या मोठ्या मंदीत तिकडच्या सरकारने बेकार चित्रकारांना पगार देऊन पोस्ट ऑफिसांच्या, शाळांच्या भिंती रंगवायला लावल्या. कापणी करणारे, रेल्वेचे मजूर, कारखान्यातली माणसं, असं भोवतालचंच काढायचं. पुढे दुसरं महायुद्ध आलं आणि त्यांतल्या कितीतरी जणांना पोस्टरं करायला बसवलं. वाचताना मला आपल्या गल्लीच्या तोंडाशी राहणारा पेंटर आठवला. परभणीतल्या दुकानांच्या पाट्या एकेकाळी तोच रंगवायचा. फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश वाळून गेले.

आमच्या वाचनालयाची रस्त्याकडची भिंत रिकामीच होती. मी समितीवर आहे, अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी. पानांना खुणा घालून पुस्तक बैठकीत नेलं. म्हटलं, या पेंटरकडून आपलं चित्र काढून घेऊ: कापूस वेचणाऱ्या बाया, पूर्णा जंक्शनवर रुळांचं काम करणारे खलाशी, झरी गावचा बाजार. शेवटच्या पानांवरची नुसते रंग ओघळलेली चित्रं पाहून चिटणीस म्हणाले, "बाई, हे तर आमच्या घरी रंगारी आला की फरशीवर होतंय!" सगळे हसले, मीही हसले. ठराव मंजूर झाला. अध्यक्षाने पुस्तक चार दिवसांसाठी मागून घेतलं.

पेंटरने भिंत घासली, चुना मारला, कोळशाने बायांची रांग काढली. एकीची मान त्याने तीनदा पुसली. "डोक्यावर गाठोडं हाय बाई, मान अशी ढिली राहायची न्हाई."

मग गुडघ्याने मला आठवडाभर घरात बसवलं. उद्घाटनाचं बोलावणं आलं तेव्हा रिक्षाने गेले, तर कोळशाची एकही रेघ दिसेना. पुस्तकातल्या चित्राचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्याचा भिंतभर फ्लेक्स. अमेरिकन शेतमजूर ताणून बेढब रुंद झालेले. भोवती समितीचे चेहरे, आणि वरच्या कोपऱ्यात मी, खाली 'संकल्पना'.

"अरे, हे काय केलंस?" मी अध्यक्षाला विचारलं.

"तुम्ही दाखवलं तेच की बाई! पेंटरने महिना लावला असता, हे एका दिवसात झालं. तुमचा फोटो मुद्दाम मोठा घेतलाय."

मी खूश होईन असं त्याला खरंच वाटत होतं. शाल-श्रीफळ पुढे आलं तशी मी म्हणाले, "मी घेणार नाही."

शिडीवर फ्लेक्सच्या चौकटीला शेवटचे खिळे ठोकत होता तो आपला पेंटरच. तो खाली उतरला आणि माझ्या कानाशी बोलला, "घ्या बाई. तुमी रुसलात तर म्हणतील, म्याच भरवून दिलं. मग खिळे ठोकायला बी बोलवायचे न्हाईत."

मी शाल घेतली. टाळ्या झाल्या.

फ्लेक्स उतरवा म्हणून दोन अर्ज दिलेत. "पुढच्या बैठकीत घेऊ, बाई," एवढंच उत्तर मिळतं. अर्ज दिल्यापासून पेंटर मला समोरून येताना पाहिलं की दुसऱ्या गल्लीत वळतो. त्याला काम मिळावं म्हणून निघाले होते. आता तो माझ्याशी बोलतही नाही, आणि हा राग कुणावर काढावा तेच मला कळत नाही.