कुसाआत्याचे डोंगळे

माझ्या कुसाआत्याने जन्मात कधी कांद्याचं बियाणं विकत आणलं नाही आणि कधी आपली चूक कबूल केली नाही. दोन्हींचा तिला सारखाच अभिमान. कळवणजवळच्या आमच्या गावात दर हिवाळ्यात ती निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावते. त्यांना डोंगळे येतात, म्हणजे गोंड्याचे उंच दांडे, आणि त्यातलं काळं बी पुढच्या सालाला पुरतं. हे वाण तिला सासूने दिलेलं.

गेल्या डिसेंबरात डोंगळे पिवळे पडू लागले. आत्याने लगेच गुन्हेगार ठरवला: शेजारची सुलाबाई. सुलाबाई कांदे साठवायच्या चाळीतले सडके कांदे बांधावर फेकते, यावरून दोन वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं.

"तिच्याच घाणीवरच्या माश्या माझ्या वावरात येत्यात," आत्या सुलाबाईला ऐकू जाईल अशा बेताने ओरडली.

कृषी सहायक हर्षाली मॅडम आल्या. त्यांनी एक पिवळं रोप उपटून कांदा नखाने उकलला. आत तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"माशीची अळी आहे, मावशी. कुजका वास आला की माशी येते आणि कांद्याच्या बुडाशी अंडी घालते. खत कोणतं घातलं होतं?"

खत आत्याच्याच खड्ड्यातलं होतं. पावसाळाभर तिनेही चाळीतले सडके कांदे शेणात टाकले होते आणि लागवडीच्या घाईत ते अर्धं कच्चं खत सऱ्यांत ओतलं होतं. पाट्या उचलायला मीही होते, त्यामुळे मला काही बोलायची सोय नव्हती.

तीन दिवस आम्ही किडके कांदे उपटले, त्याच खड्ड्यात खोल पुरले आणि वर माती लोटली. नऊ सऱ्यांतली जेमतेम अर्धी रोपं उरली, तीही मलूल. आत्याच्या सासूपासून आलेलं वाण आता संपणार, म्हणून मला रडू फुटलं. आत्याने पदर खोचला आणि ती बांध ओलांडून थेट सुलाबाईच्या ओट्यापुढे उभी राहिली. मी मागोमाग.

"अळी माझ्याच खतातली व्हती," ती म्हणाली. "तुला दोन साल उगाच बोलले."

सुलाबाई तूर निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि आम्हाला घरामागे नेलं. तिथे चार सऱ्या डोंगळे ताठ उभे होते.

"भांडायच्या आधी तूच मूठभर बी दिलं व्हतं. त्याचंच हाय हे. मी मोडू दिलं नाय. निम्मं तुझं."

आत्याच्या डोळ्यांत पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला फार बरं वाटलं.

"पण आधी त्यो खड्डा बुजव," सुलाबाई म्हणाली.

"बुजवूनच आले," आत्याने डोळे पुसले. "आता तुझा बांध साफ करू. पाटी आण."