आते आणि अकरा मुलं

माझ्या आतेला आयुष्यात कुणी काही कर म्हणून सांगितलं, आणि ते तिने केलं, असं एकदाही घडलेलं नाही. लग्न कर म्हणाले तेव्हा तिने केलं नाही आणि निवृत्त झालीस आता घरी बस म्हणाले तेव्हा ती बसली नाही. मिठबावच्या घराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या बाबांच्या हातात ठेवली आणि वयाच्या साठीत एका संस्थेच्या शाळेत गणित शिकवायला थेट आफ्रिकेत, मलावीतल्या एका खेड्यात गेली. बाबा म्हणाले, "अगो, थंय तुझा कोण आसा?" त्यावर तिने शांतपणे विचारलं, "हय कोण आसा?" बाबांचा चेहरा पडला. तिला तसं म्हणायचं नव्हतं, पण बोललेला शब्द मागे घेणं हे तिच्या गणितात बसत नाही.

तिच्या सामानात साड्या चार आणि बाकी सगळा कोकणी बाजार होता. तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने तिरफळांची पुडी वर धरून हे काय आहे, असं विचारलं. आतेने एक तिरफळ स्वतः चावलं आणि एक त्याला दिलं. बिचाऱ्याने ते चावलं, जीभ बधिर झाली, डोळे विस्फारले आणि पुढचे प्रश्न विचारायची सोयच राहिली नाही. त्याने हातानेच 'जा' म्हणून खुणावलं. ही हकिकत तिने मला फोनवर सांगितली आणि त्याच दमात म्हणाली, "थंय बसान काय करतंस? हय विज्ञान शिकवूक कोण नाय. येतंस काय गो?" मी डी.एड. होऊन तीन वर्षं आचऱ्यात शिकवण्या घेत होते. गेले.

शाळा एका तळ्याच्या काठी होती. तळं कसलं, पलीकडचा किनारा दिसत नव्हता. लाटा येत, होड्या येत, वाळूवर बारीक मासळी सुकत पडलेली असे. फक्त पाणी गोडं. आतेला हे मान्यच नव्हतं. "समुद्र असान खारट नाय म्हणजे काय?" असं म्हणत पहिला महिनाभर ती रोज ओंजळभर पाणी चाखून बघायची. तिथल्या आंब्यांवर तर तिचा विशेष राग. "ह्येका आंबो म्हणूचा, तर आमच्या हापूसाक काय म्हणूचा?" हे वाक्य ती तिसरा आंबा खाताना म्हणायची. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ज्याला तिथे न्सीमा म्हणतात, तो तिने सुक्या मासळीच्या, कोकम घातलेल्या कढीबरोबर खायला सुरुवात केली आणि शेजारच्या बायकांनाही खायला लावला. मुलं तिला आगोगो म्हणत, म्हणजे आजी. तिला अर्थ कळला त्या दिवशी तिने अख्ख्या चौथीला तीस गणितं घातली. मुलांनी ती सोडवली आणि "थँक यू, आगोगो" म्हणून वह्या दिल्या. तिथे मात्र ती हरली.

चौथीत नव्वदेक मुलं, बाकं बारा. बाकीची जमिनीवर. त्यांत चिसोमो नावाची अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिची आई मासळी बाजारात घेऊन जायची, म्हणून धाकटा भाऊ हिच्या पाठीवर फडक्याने बांधलेला. वर्गात तान्ही मुलं आणायची नाहीत असा शाळेचा नियम. आतेने नियम वाचला आणि ते पोर स्वतःच्या मांडीवर घेऊन भागाकार शिकवायला सुरुवात केली. जन्मात कधी मूल न खेळवलेली बाई. पोराने साडी ओली केली तेव्हा ती फळ्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "बाकी उरली." मुलांना शब्द कळला नाही, पण सगळी पोटभर हसली.

मग एके दिवशी मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना बोलावलं. सद्गृहस्थ होते, कायम इस्त्रीच्या शर्टात, कायम काळजीत. संस्थेची परदेशातली माणसं शाळा बघायला येणार होती आणि नव्या वर्गखोल्या त्यांच्या मतावर अवलंबून होत्या. त्यांनी एक यादी पुढे केली. चौथीतल्या ज्या अकरा मुलांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांना त्या दिवशी शाळेमागच्या मक्यात तण काढायला पाठवायचं. चिसोमोचं नाव दुसरं होतं.

आते म्हणाली, "नाही."

"मॅडम, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"मग माझं नाव पहिलं घाला. मला तुमची चिचेवा भाषा वाचता येत नाही."

त्यांनी यादी खिशात ठेवून विषय तिथेच थांबवला. मी मात्र थांबवला नाही, याची मला आजही लाज वाटते. घरी येताना मी म्हटलं, "आते, ते काही वाईट माणूस नाहीत. खोल्या मिळाल्या तर सगळ्यांचंच भलं होईल. एक दिवस कळ काढ."

ती वाटेतच थांबली. "चौथीत असताना आमची शाळा तपासूक साहेब येवचो होतो," ती म्हणाली. "माका शुद्ध मराठी बोलूक येय नाय. गुरुजींनी माका आणि दोघांका बावीर पाणी काढूक धाडल्यानी. पिपां भरली, तरी काढला. साहेब गेलो, मगे आमका वर्गात घेतल्यानी." मग पुढे चालू लागत म्हणाली, "वर्षभर मी तोंड उघडूक नाय. आता गप कशी रवतंय ता सगळ्यांका कळता."

पाहुणे आले त्या दिवशी अकराच्या अकरा मुलं पुढच्या बाकांवर होती. मुख्याध्यापकांनी दारातून ते पाहिलं आणि रुमाल काढला. पाहुण्यांतल्या एका उंच गृहस्थांनी नेमकं चिसोमोपुढे पुस्तक धरलं. ती उठली. पाठीवर भाऊ झोपलेला. तिने बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि अक्षर अक्षर जुळवायला लागली. एक शब्द झाला. दुसरा चुकला, तो तिने पुन्हा जुळवला. वर्गात कुणी हलत नव्हतं. चौथ्या शब्दाशी ती इतकी थांबली, की त्या गृहस्थांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हसून पुस्तक मिटायला हात पुढे केला.

"सर," आते इंग्रजीत म्हणाली, "ती अजून वाचतेय."

हात मागे गेला. चिसोमोने ओळ पूर्ण केली. आणि मग कुणी सांगितलं नसताना दुसरी ओळ सुरू केली. बाहेर मैदानावर नाच करायला सजून उभी असलेली मुलं उन्हात ताटकळली, स्वागताची भाषणं राहिली, पण तो परिच्छेद संपेपर्यंत पाहुणे उभे होते.

खोल्या मिळाल्या नाहीत. 'वाचन अपेक्षेपेक्षा कमी' असा शेरा आला आणि महिन्याभरात आतेच्या नावाचं पत्र आलं, की वयाचा विचार करता तिचा करार पुढे वाढवता येत नाही. पत्र घेऊन मुख्याध्यापक स्वतः घरी आले होते. "मी याच्या विरोधात लिहिलं होतं, मॅडम," एवढंच ते म्हणाले. आतेने त्यांना चहा दिला, लाल पेन काढून त्या पत्रातल्या इंग्रजीच्या चार चुका सुधारल्या आणि पत्र संस्थेकडे परत पाठवलं. निघायच्या दिवशी तिला न्यायला गाडी आली तेव्हा ती वर्गात अपूर्णांक शिकवत होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. उदाहरण पुरं झाल्यावरच तिने खडू खाली ठेवला.

मी आणखी वर्षभर राहिले. पुढच्या खेपेला पाहुणे आले तेव्हा यादी निघाली नाही. मक्यातलं तण आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी आणि मी काढलं. माझी मुदत संपली तोवर चिसोमोची आई दुसऱ्या गावच्या बाजारात गेली होती आणि तिच्याबरोबर मुलंही. चिसोमो आता कुठल्या शाळेत आहे, शाळेत आहे की नाही, हे मला माहीत नाही. आतेने ते मला कधी विचारलं नाही.

परवा मिठबावला गेले होते. आते ओसरीवर भाजी चिरत होती. तब्येत ठणठणीत, ग्रामपंचायतीशी तिचं पाणंदीवरून भांडण चालू आहे आणि त्यात ती जिंकणार हे ग्रामपंचायतीलाही ठाऊक आहे. अकरा वाजले. तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि भिंतीला टेकून बसली. मी काही विचारायला गेले, तशी हात वर करून म्हणाली, "वाईच थांब. हजेरी चलली आसा."

मलावीत तेव्हा साडेसात वाजतात, शाळा भरायची वेळ. ती डोळे मिटून एकेक नाव पुटपुटत होती, हजेरीपटाच्या क्रमाने, प्रत्येक नावानंतर जरा थांबत. चिसोमोच्या नावाशी थोडी जास्त थांबली. मग पुढचं नाव घेतलं.