आत्याला परदेशात इंग्रजी का शिकवता आलं नाही

पोरांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आत्याचं इंग्रजी इतकं चांगलं, मग ती परदेशात शिकवायला का गेली नाही? आत्या शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता नीट लिहिते.

आत्या मलकापूरच्या एका कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवायची. म्हणजे घेतले तेवढ्याच तासांचे पैसे, उन्हाळ्यात काही नाही आणि दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत. पूर्वेकडच्या एका देशात इंग्रजीच्या शिक्षकांना मागणी आहे असं कळल्यावर तिनं अर्ज केला. एम.ए. होतं, शिकवण्याचं प्रमाणपत्र होतं, अनुभव होता. तिथल्या शाळेनं आधी फोटो मागितला.

आम्ही दोघी मोताळ्याच्या स्टुडिओत गेलो. लग्नाच्या मुलामुलींचे फोटो काढण्यात त्या फोटोग्राफरची हयात गेलेली. कॉम्प्युटरवर तो आत्याचा चेहरा उजळवत चालला.

"दादा, हे काय करून राह्यले?"

"काही नाही ताई, थोडा रंग उजळून देतो. स्थळाच्या फोटोले सगळ्याइलेच देतो."

"मले नवरा नाही, नोकरी पाह्यजे."

"नोकरीवालेही पाहूनच घेतात न, ताई."

आम्ही हसलो आणि तोच फोटो पाठवला. आपल्याकडे त्यात कुणाला फसवणूक वाटत नाही. मुलगी फोटोपेक्षा सावळी असणार, हे पाहुणे धरूनच येतात. तिकडच्यांना ही रीत कुठून ठाऊक असणार?

लगेच मुलाखतीचा निरोप आला, व्हिडिओवर. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी पलंगावर बसले होते. पलीकडची बाई फार गोड बोलत होती. तुमच्याकडे उजेड कमी आहे का, असं तिनं विचारलं. आत्यानं ट्यूबलाइट लावली. मग, खिडकीजवळ बसता का? आत्या लॅपटॉप घेऊन खिडकीशी गेली. भर दुपारचं ऊन तिच्या तोंडावर आलं. जन्म कुठला, आईवडील मूळचे कुठले, एवढं विचारून बाईनं आभार मानले. शिकवण्याबद्दल एकही प्रश्न नाही. संध्याकाळी उत्तर आलं की पालकांना मातृभाषा इंग्रजी असलेलेच शिक्षक हवे असतात.

पुढे त्या जागेवर एक गोरा तरुण आला. त्याच्या देशात घरीदारी कुणी इंग्रजी बोलत नाही. आत्यानं शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर त्याचा धडा शेवटपर्यंत ऐकला आणि लॅपटॉप मिटून ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही.

नंतर तिकडच्याच एका एजन्सीनं तिला काम दिलं. घरूनच शिकवायचं, कॅमेरा बंद ठेवायचा आणि नाव त्यांनी दिलेलं सांगायचं. कॉलेजनं त्या जूनमध्ये बोलावलं नव्हतं. तिनं हो म्हटलं.

तेव्हापासून तिचा तास सुरू असताना मी कुकर लावत नाही. खिडक्या बंद करते, भाजीवाल्याची हाक आत जाऊ नये म्हणून. तुमच्या आजोबांना हे मुळीच पटत नाही.

"काऊन वं, आपल्याच घरात चोरासारखे बसून राह्यलो आपण?"

"बाबा, हळू बोला. तास सुरू होऊन राह्यला."

"पोराइले आपलं नाव सांगायले काय होते?"

"नाव सांगितलं तर पोरं राह्यत नाहीत, बाबा."

आजोबा उठून बाहेर ओट्यावर गेले. आता ते रोज तास संपेपर्यंत तिथंच बसतात.

मुलांना ती आवडते. दाराबाहेर त्यांचं हसणं ऐकू येतं. मागच्या आठवड्यात एका मुलीनं तिला विचारलं की टीचर, कॅमेरा कधी लावणार, आईला तुम्हाला पाहायचंय. आत्यानं कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आणखी एका मुलानं विचारला. पालक आपसात बोलत असणार. एजन्सीला तिनं कळवलं आहे, अजून उत्तर नाही. ती तासाची तयारी मात्र रोज करते, आधीसारखीच. काल मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाली, "वहिनी, त्यांनी कॅमेरा लावायले सांगितलं, तर मी लावून देईन. मग काय व्हायचं ते होवो."