म्हशीचा संतुलित आहार

मी सातवीला ‘संतुलित आहार’ शिकवतो. सतरा-अठरा वर्षं झाली. कोणत्या दाण्यात काय असतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. शेंगदाण्यात प्रथिनं, तिळात लोह आणि कॅल्शियम, जवसात चांगली चरबी, तांदळाच्या कोंड्यात ब जीवनसत्त्व. फळ्यावर तक्ता काढतो, मुलं तो वहीत उतरवतात आणि मधल्या सुट्टीत कुरकुरे खातात. अशा माणसाच्या आईचं हिमोग्लोबिन साडेसात निघालं. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आपण काय करता?” मी म्हणालो, शेती.

आईचं गर्भाशय खाली सरकलं होतं. बऱ्याच वर्षांपासून सरकलेलं होतं आणि तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, घरी येताना ती तीनदा वाटेत बसली, तेव्हा माझ्या बायकोने खोदून खोदून विचारलं आणि उलगडा झाला. ऑपरेशनला पर्याय नव्हता, आणि रक्त दहाच्या वर गेल्याशिवाय डॉक्टरीणबाई टेबलावर घेणार नव्हत्या. “बाळंतपणानंतर लवकर कामाला लागला होता का आजी? वजन उचललं का?” असंही त्यांनी विचारलं. आई म्हणाली, नाही. आमच्या घरात डॉक्टरला खरं सांगायची पद्धत नाही.

वडील गेल्यापासून आईने मासे-अंडी सोडली होती. म्हणजे जे काही व्हायचं ते दाण्यांनीच व्हायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तीळ, जवस, शेंगदाणे, चणे, बदाम खायला सांगितलं. तांदूळ फार पालिश करू नका, असंही म्हणाल्या. मी मान डोलावत होतो. हे सगळं मला येत होतं. भीती वाटत होती ती वेगळी गोष्ट.

कारभार मी हाती घेतला. सुरुवात तांदळापासून केली. धानाची पोती घेऊन सिहोऱ्याच्या मिलवर गेलो आणि एका पोत्याला पालिश कमी मारा म्हणालो. मिलवाल्याने विचारलं, “गुरायसाठी का, सर?” आमच्याकडे तांदूळ पांढरा किती यावर घराची पत ठरते. पाहुण्याच्या ताटात तांबूस भात पडला, तर पाहुणा काही बोलत नाही, पण गावी जाऊन बोलतो. मिलवाला गावभर सांगणार हे धरूनच मी तो तांदूळ घरी आणला.

आईने सुपात घेऊन तो पाहिला आणि म्हणाली, “मले चावत नाही.” त्या दिवसापासून घरात दोन भात शिजू लागले. आई पांढरा खायची. तांबूस, पौष्टिक भात माझ्या ताटात यायचा. माझं हिमोग्लोबिन चौदा होतं. पांढऱ्या तांदळाचा निघालेला कोंडा नेहमीप्रमाणे म्हशीला जायचा, जवसाच्या ढेपेबरोबर, म्हणजे पेंडीबरोबर.

मग बदाम. बायको रोज सात बदाम भिजत घालायची आणि सकाळी वाटीत घालून आईला द्यायची. आई वाटी घेऊन कोवळ्या उन्हाला गोठ्याकडे जाऊन बसायची. वाटी रिकामी परत यायची. महिन्याभराने रक्त तपासलं. साडेसात. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, मला लॅबवर शंका आहे. त्यांनी शांतपणे पुन्हा तपासून घेतलं. लॅबचं काही चुकलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी मी फावडं घ्यायला गोठ्यात गेलो. आई म्हशीपुढे बसली होती. एकेक बदाम सोलत होती आणि तळहातावर ठेवून म्हशीला भरवत होती. सालं मात्र स्वतः चघळत होती, वाया जाऊ नयेत म्हणून.

“माय, काय करून राहिली?”

“व्याली हाये थे,” आई म्हणाली. “बाळंतीन हाये.”

“बदाम तुह्यासाठी आनले ना?”

“मी कायले खाऊ? मी का बाळंतीन हाये?”

आमच्याकडे बदाम-चारोळीवर बाळंतिणीचा हक्क असतो. बाकीच्यांनी ते पाहायचे. हे मला माहीत होतं, पण हा नियम म्हशीपर्यंत गेला असेल असं वाटलं नव्हतं. माझा पारा चढला. तुझं ऑपरेशन अडलं आहे, तुझ्या अंगात रक्त नाही, तुला काही झालं तर मी काय करू, असं बरंच काही मी मोठ्याने बोललो. म्हशीने खाणं थांबवलं. आईने मला बोलू दिलं. मग दुधाचा फेस कमी झालाय हे सांगावं, तसं ती म्हणाली,

“तू झाला तवा मले कोनं देल्ले बदाम? कनकीची पेज होती. धानाची रोवणी खोळंबली होती. पंधराव्या रोजी मी बांधीत उतरली. तुले काठाच्या धुऱ्यावर टोपल्यात ठेवलं होतं. दिवसभर वाकाचं, तू रडला का उचलाचं, अन् घरी येताना तुले काखेत अन् डोक्यावर भारा.” तिने शेवटचा बदाम सोलला. “इले तरी भेटू दे.”

मी गव्हाणीच्या काठावर बसलो. माझ्या धड्यात स्तनदा मातेच्या आहारावर एक परिच्छेद आहे. परीक्षेला हमखास येतो म्हणून मी तो अधोरेखित करायला सांगतो. कनकी म्हणजे तांदळाचा चुरा, तिच्या पेजेत पाणी जास्त आणि बाकी थोडं. त्या पेजेवर निघालेलं दूध पिऊन मी वाढलो आणि शिकून संतुलित आहार शिकवू लागलो. मला फार लाज वाटली. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, “उठ, थे शेण पडलं पाह्य तिकडं.”

तोडगा बायकोने काढला. “आईंचं बाळंतपण व्हायचं राहिलं आहे ना,” ती म्हणाली, “मग ते करू.” तिने जवस, तीळ, शेंगदाणे, चणे भाजून दळले, त्यात चारोळी, बदाम, खोबरं आणि गूळ घातला, आणि त्याच म्हशीचं तूप ओतून लाडू वळले. आई नको म्हणाली. बायकोने सांगितलं, हे बाळंतिणीच्या नावाने वळलेत, दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत, म्हशीलाही नाही. रीतिभातीपुढे आईचं काही चालेना. तिने डबा उशाशी ठेवून घेतला.

गोळ्या ती चहाबरोबर घ्यायची, हेही तेव्हाच कळलं. चहाने गोळीतलं लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागतं. हे मी मुलांना शिकवतो, आईला सांगायचं राहिलं होतं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांचा गुण. बायको म्हणाली, लाडवांचा. आई म्हणाली, तुपाचा, आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवून आली. विज्ञानशिक्षक म्हणून माझंही एक मत होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. बायकांचा वॉर्ड, आजूबाजूला सगळ्या ओल्या बाळंतिणी. चौथ्या दिवशी आईने उशाशी ठेवलेला डबा उघडला. वॉर्डभर वास गेला. शेजारच्या खाटेवरच्या पोरीची आई वाकून बघू लागली.

“बाळंतिनीचे लाडू दिसतात. कोन बाळंत झालं?”

“मी,” आई म्हणाली.

ती बाई आईच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. “काय झालं?”

“पोरगा. थो काय, बसला हाये.”

स्टुलावर मी बसलो होतो. वय शेहेचाळीस, डोक्यावर केस बेताचे, मांडीवर तपासायच्या वह्या. बाईने मला वरून खाली नीट पाहून घेतलं. चेहऱ्यावरची रेष न हलवता तिने आईला विचारलं, “वजन किती भरलं होतं?”

“भारीच होता,” आई म्हणाली, आणि लाडू मोडून तिने तोंडात टाकला.