केलगेरीचा चढ

हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. ती मला सरळ माणूस समजते — समजू दे. पण तो सोमवार आठवला की अजून माझं डोकं फिरतं, आणि राग काढायला माझ्याशिवाय कुणी सापडत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हुबळीत एक नवीन जिम निघाली होती, तिथं मी सायकलचा क्लास घ्यायचो. जागच्या जागी उभ्या असलेल्या बारा सायकली, प्रत्येकीच्या हँडलखाली एक नॉब. तो उजवीकडे पिळला की चाक जड होतं, चढ लागल्यासारखं वाटतं. किती मिनिटं सपाट, कुठं अर्धा फेरा पिळायचा, कुठं सीटवरून उठायचं — सगळं मी आधी वहीत लिहून ठेवायचो. एकदा वाटलं, खराखुरा रस्ताच क्लासात आणावा. रविवारी सायकल काढली, केलगेरी तळ्याकडून धारवाडला येणारा चढ गाठला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की मी तो एका दमात मारला.

मारला? छे! अर्ध्यावरच धाप लागली. खाली उतरलो आणि सायकल हातानं ढकलत वर नेली. वहीत मात्र त्या जागी ऐटीत लिहिलं — तीन फेरे, उभं राहून, सहा मिनिटं. क्लासात माझा स्वतःचा नॉब एका फेऱ्यापुढं कधी गेलाच नाही. समोर बसून तोंड वेडंवाकडं करायचं, घाम पुसायचा, ओरडायचं. कोण येऊन तपासणार होतं?

पहिल्या ओळीत अक्का असायच्या. जुन्या हुबळीत त्यांच्या घरचं भांड्यांचं दुकान, वय पन्नाशीच्या पुढं. गुडघ्यात जोर यावा म्हणून क्लास लावलेला. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पायी चढून जायचा नवस त्यांनी बोलला होता, आणि तो फेडायचा राहिला होता. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी मोठी बाई मला 'सर' म्हणायची, मी सांगेन ते निमूट करायची.

मी चढाचं नाव घेतलं तशा अक्का मोकळेपणानं हसल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अय्यो सर, त्या चढावर कोण पेडल मारतंय? आमचे अप्पा अळणावरकडनं दूध घेऊन यायचे, मी मागं क्यारेजवर. तिथं आलं की समदेच उतरून ढकलत जात्यात की!"

क्लास हसला. मला घाम फुटला — त्या दिवसाचा तेवढाच खरा घाम. वाटलं, हिला कळलं. कळलं कुठलं! बाई बापाची आठवण सांगत होती, बस्स. पण माझं पित्त खवळलं. चढ सुरू झाला, गाणं मोठं केलं, सगळ्यांच्या माना खाली गेल्या, तेव्हा बसण्याची ढब तपासतोय असं दाखवत मी अक्कांजवळ गेलो आणि माझ्या हातानं त्यांचा नॉब पिळला. तीन फेरे नव्हेत, पाच. कानाशी वाकून म्हणालो, "अक्का, इथं उतरायचं नाही."

त्या उतरल्या नाहीत. मी सांगितलं होतं ना!

चौथ्या मिनिटाला त्या किंचाळल्या. शेजारणीनं धरलं म्हणून पडल्या नाहीत, पण गुडघा गेला तो गेलाच. मालक धावत आले, नॉब बघून त्यांनी विचारलं, एवढा कुणी पिळला. मी — जराही न अडखळता — म्हणालो, "अक्कांनीच. मी नको म्हणत होतो." अक्का माझ्याकडं बघत राहिल्या. वेदनेनं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि मला त्याचं हायसं वाटलं. हो, हायसं.

पुढं ऑपरेशन झालं. घरात मुलानं त्यांनाच झापलं, या वयात नसते नाद कशाला म्हणून. त्या साली घरचे सगळे डोंगर चढून आले, अक्का पायथ्याशी एका दुकानात बसून राहिल्या. हे मला क्लासातल्याच एका बाईनं सांगितलं, आणि मी 'अरेरे' म्हणालो. तुम्ही म्हणाल, तरुण होतास, घाबरलास. नका म्हणू. असल्या समजुतीची मला चीड येते. मी घाबरलो ते नंतर. नॉब पिळताना मला मजा वाटत होती.

काही वर्षांनी जुन्या हुबळीतून जाताना अक्कांनी दुकानातून हाक मारली. खुर्चीजवळ काठी टेकवलेली. आत बोलावून बसवलं, चहा सांगितला. शेजारी दहा-बारा वर्षांची नात होती, तिला म्हणाल्या, "हे आमचे सर. लई चांगलं शिकवायचे. मीच त्यांचं ऐकलं न्हाई, नॉब जास्त पिळून घेतला."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. मी जे सांगितलं होतं तेच त्यांना आता खरं वाटत होतं.

नातीनं मला विचारलं, "हो सर?"

"हो," मी म्हणालो.